फळ्याची सुनावणी

घोडपदेवच्या नाक्यावर, पाणपोईला पाठ टेकून
उभा आहे तो. चार बाय सहा.
सागाची चौकट, वर पत्र्याची झापड,
पोरांच्या चेंडूंनी पोचे पडलेली.
वॉर्ड ऑफिसच्या नोटिशीत त्याचं नाव
'अनधिकृत फलक, क्रमांक सतरा'.
आम्ही नुसतं फळा म्हणतो.

घाडी मास्तर मास्तर कधीच नव्हते.
गिरणीत होते, घडी खात्यात.
आडनाव घाडी, खातं घडी, यावर
एकेकाळी सगळी पाळी हसायची.
संप झाला, घडी मोडली,
आणि हातात खडू आला.

आता तो हात थरथरतो.
मजकूर त्यांचा, अक्षर माझं.
स्टुलाचा पाय धरून ते खालून सांगतात :
'कुंदा, शिरोरेषा शेवटी.
आधी अक्षरं उभी राहू देत,
मग त्यांच्यावर छप्पर घाल.'

उद्या दुपारी दोन ते सात पाणी नाही.
पारूबाई सकपाळ वारल्या. साडेचारला नेणार,
मुलगा गावाहून निघालाय.
पुनर्विकासाची सभा, येताना भाडेपावती आणावी.
पाकीट सापडलंय. आत देवीचा फोटो, चाळीस रुपये.

एकदा तुरेवाल्यांच्या शाहिरानं
रात्रीतून इथं सवाल टाकला.
शक्तीवाल्यांचा जबाब येईपर्यंत
आठ दिवस कोणी फडकं लावलं नाही.
त्या आठवड्यात पाणी
न सांगताच गेलं.
कुणाची तक्रार नव्हती.
नळावर बायका सवालच सोडवत होत्या.

सुनावणीला साहेब तरुण होते. वाईट नव्हते.
मालक कोण?
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
परवानगी?
मास्तरांनी घसा खाकरला.
बरं, निदान किती जुना आहे,
त्याचा काही लेखी पुरावा?

लेखी!
रोज पहाटे ओल्या फडक्यानं
आम्हीच पुसला की तो, साहेब.
चाळीस वर्षांचं दप्तर
पांढरं पाणी होऊन
तुमच्याच गटारात गेलंय.
हे मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं,
'मुदत द्या.'

पंधरा दिवस मिळाले.
मास्तरांनी मजकूर सांगितला, मी लिहिला :
'जुन्या फोटोत फळा दिसत असल्यास
आणून द्यावा. परत मिळेल.'

लेझीम आलं, त्यात फळ्याचा कोपरा.
कबड्डीचा संघ आला, ढालीमागे सगळाच झाकलेला.
कुणाचं बारसं. कुणाचा मोर्चा, पण धुरकट.
मग समोरच्या इमारतीतून हमीदा खाला,
पिशवीत पिशवी, तिच्यात पाकीट, पाकिटात वरात.
फुलांची मोटार, सेहऱ्यातले त्यांचे मिया,
आणि मियांच्या खांद्यामागे मास्तरांचं अक्षर,
टपोरं, आत्ता लिहिल्यासारखं :
'...वारी पाणी येणार नाही. ९-५-८७'

वार सेहऱ्याआड गेला होता.
'शनिवार,' खाला साहेबांना म्हणाल्या.
'लिहिलं होतं ते खरं होतं.
वऱ्हाडासाठी टँकर मागवला,
त्याचे पैसे अजून दीर मागतो.'

साहेबांनी फोटो उलटा केला,
मागचा स्टुडिओचा शिक्का वाचला,
पुन्हा सुलटा करून बराच वेळ पाहिला.
नंतर फायलीत लिहिलं : पुरावा अ.
आणि पुढची तारीख.
तीही दिली नाही, देऊ म्हणाले.

मास्तर जिना उतरताना बोलले नाहीत.
खाली आल्यावर म्हणाले,
'ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होतं ना गं, फोटोत?'

संध्याकाळी मी स्टुलावर चढले.
'फळ्याची सुनावणी पुढे ढकलली आहे.
तारीख आल्यावर कळवू.'
पण 'ढकलली' मोठं पडलं, अंदाज चुकला,
खालच्या ओळीत 'कळ' मावलं
आणि 'वू' गेला चौकटीवर.
पुसायला फडकं उचललं,
तर मास्तर म्हणाले, 'राहू दे.'

लाकडावर खडू धड उमटत नाही.
पण एकदा रेषांत बसला
की फडक्याला ऐकतही नाही.